लसणाची रोपे आणि अण्णा

मालगुंड,
दि. ३० नोव्हेंबर १९८६

चि. सुमेधा हिस, हरिहरचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. चार ओळींत तीन लसणाच्या आणि एक अण्णांची, हे प्रमाण यंदाही राखलेस. गावात कोणी विचारले की बहीण काय करते, तर मी सांगतो, खेडच्या संशोधन केंद्रात सरकारी पगारावर लसूण आजारी पाडते. लोक हसतात. मलाही तुझ्या कामाचा याहून जास्त बोध झालेला नाही.

इकडे भात झोडून झाले. पोफळींना शिंपणे सुरू केले. हौसा सकाळी धुणीभांडी करून जाते. अण्णांचे उजवे अंग गेले त्याला या दिवाळीत चार वर्षे झाली. बोलण्यातला 'हरी' एवढा एकच शब्द उरला आहे. पाणी हवे, हरी. कूस बदलायची, हरी. तोंडावर ऊन आले, हरी. मोजणी खात्यात असताना ज्यांच्या आवाजाने बांधावरची भांडणे थांबत, ते अण्णा आता माझ्याशिवाय कोणाच्या हातचा घास घेत नाहीत.

गेल्या मंगळवारी मी मऊ भात भरवत होतो. त्यांनी तो पुन्हा पुन्हा थुंकला. मी वाटी खाली ठेवली आणि अनवाणीच बाहेर पडलो. समुद्रावर जाऊन बसलो. शाळेची घंटा ऐकली तरी उठलो नाही. दुपारी परत आलो तेव्हा अण्णा ओल्या अंथरुणात तसेच होते आणि हाका मारून त्यांचा घसा बसला होता. सुमे, ती वाटी मी खाली ठेवली खरी, पण हात आधी वर गेला होता. हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिणार?

आठ दिवस ये. मला कुठे फिरायला जायचे नाही. ती हाक ऐकू येणार नाही अशा ठिकाणी आठ दिवस राहायचे आहे.

प्रकृतीस जप. लोभ कागदावर पुष्कळ झाला, आता जातीने घेऊन ये.

तुझा,
हरिहर


खेड,
दि. ६ डिसेंबर १९८६

ती. दादास, सुमेधाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून त्या दिवशी जेवण गेले नाही. पण मी येऊ शकत नाही, आणि का ते नीट सांगते, म्हणजे मला निगरगट्ट समजणार नाहीस.

लसणाला बी धरत नाही, पाकळीपासून लसूण होतो. त्यामुळे आईच्या अंगातला विषाणू लेकीत, तिच्या लेकीत असा उतरतच जातो. पातीवर पिवळे पट्टे येतात, गड्डा बारीक राहतो. पुस्तकात या रोगाचा विषाणू एकच दिला आहे. मला तीन वर्षांच्या कामानंतर वाटते की एकाच पाकळीत दोन-दोन, तीन-तीन वेगळे विषाणू नांदतात. ते मी एकेक सुटे केले आणि बियापासून केलेल्या निरोगी कांद्याच्या रोपांत ठेवले. लसूण जिथला, तिथले नाव त्याला दिले. राजापूर आहे, ओतूर आहे. आपल्या परसातलाही आहे, तो मालगुंड.

हे विषाणू टिकवून ठेवायचे यंत्र आमच्याकडे नाही. ते जिवंत रोपातच जगतात. रोप थकू लागले की त्याचा रस नव्या रोपाच्या पानावर घासायचा. वेळ चुकली तर तो विषाणू गेला. मावा हा बारीक किडा जाळीघरात शिरला आणि या रोपावरून त्या रोपावर बसला, तर सगळे पुन्हा एकमेकांत मिसळले. मदतीला असलेल्या दादूचा हात मोडला आहे. दुसऱ्या कोणाला हे येत नाही.

फेब्रुवारीत पुण्याहून समिती येणार. केंद्राला रोगमुक्त म्हणून लसणाचे बियाणे वाटायचे आहे, पण ते तपासले आहे एकाच विषाणूसाठी. माझे खरे असेल तर ते रोगमुक्त नाही. मला ते दाखवता आले नाही तर बियाणे गावोगाव जाईल आणि माझी तात्पुरती जागाही. दादा, रोपांना रविवार कळत नाही. तू एखादा गडी बघ ना. पगार मी पाठवीन.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सुमेधा


मालगुंड,
दि. ११ डिसेंबर १९८६

चि. सुमेधा हिस, आशीर्वाद.

गडी पाहिला होता. विठू म्हणून, पलीकडच्या वाडीतला, चांगला धट्टाकट्टा. अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याचे बोट चावले.

तुझे पत्र वाचून प्रथम राग आला. पोर घरचा बाप सोडून कांद्याच्या पातीला जपते आहे असे वाटले. मग पुन्हा वाचले. रोपे तुला सोडत नाहीत आणि अण्णा मला. तेव्हा असे करू. तुझी रोपे मी सांभाळतो, माझे अण्णा तू सांभाळ. नाताळची सुट्टी येतेच आहे, तिला जोडून रजा टाकतो. पानावर रस घासायला काय शिकायचे असेल ते दोन दिवसांत शिकव. पोरांना त्रैराशिक शिकवतो, म्हणजे मी अगदीच ढ नसावा.

नाही म्हणू नकोस. यावर तुझ्याकडे कारण उरलेले नाही.

तुझा,
हरिहर


खेड,
दि. १७ डिसेंबर १९८६

ती. दादास, सा. न. वि. वि.

साहेबांना विचारले. त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, कपाट उघडून काहीतरी शोधत बसले. म्हणजे हो.

तू बावीसला ये. मी पंचवीसच्या गाडीने निघेन. मधल्या दिवसांत शेजारच्या काशीकाकूंना आणि हौसाला अण्णांपाशी बसव. येताना पिवळा स्वेटर आणू नकोस, मावा पिवळ्या रंगावर येतो. तंबाखू पूर्ण बंद. तंबाखूचा स्वतःचा विषाणू असतो, तो बोटांना लागून रोपांत जातो. जाळीघराला दोन दारे आहेत. एक लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही.

आणखी एक. राजापूर स्वभावाने सौम्य आहे, ओतूर जहाल. ज्या रोपांत राजापूर आधीच मुरला आहे त्यांच्यावर मी या आठवड्यात ओतूर घासते आहे. दोघे एकाच कुळीचे असतील तर आधीचा नंतरच्याला थारा देत नाही आणि रोपे उभी राहतात. परके असतील तर ओतूर शिरतो आणि पात आडवी पडते. पात पडली म्हणजे मी जिंकले. त्याला तीन आठवडे तरी लागतील, तोवर मी परत आलेली असेन. तू फक्त पाणी घाल.

येताना थोडी आमसुले आण. बाकी समक्ष.

तुझी,
सुमेधा


मालगुंड,
दि. ३० डिसेंबर १९८६

ती. दादास, सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. अण्णांनी मला ओळखले की नाही, सांगता येत नाही. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून हरी म्हणाले आणि मग माझ्या मागे दाराकडे बघत राहिले. दिवसभर दाराकडेच.

भरवताना थुंकतात. तू लिहिले होतेस, पण माझ्या हातचे तरी खातील असे मला कुठेतरी वाटत होते. कूस बदलताना त्यांचे वजन माझ्याच्याने पेलत नाही. हौसाने दाखवले, आधी गुडघा वाकवायचा आणि मग खांद्याला धरून आपल्याकडे ओढायचे. माझी कंबर धरली आहे. आज अंघोळ घातली तर रडले. मीही रडले, मग दोघांना चहा केला.

दादा, तू हे चार वर्षे करतो आहेस. मी दिवाळीला दोन दिवस यायची, त्यात एक दिवस झोपायची.

रोपे कशी आहेत ते सविस्तर लिही. मालगुंडच्या रांगेत नवी रोपे लावायची वेळ झाली असेल. लोभ आहेच, तो आता जरा वेगळा झाला आहे.

तुझी,
सुमेधा


खेड,
दि. ४ जानेवारी १९८७

चि. सुमेधा हिस, आशीर्वाद.

तुझी रोपे उत्तम आजारी आहेत. काळजी नसावी.

मालगुंडचा रस नव्या रोपांवर घासला. तू सांगितल्याप्रमाणे पान जरासे खरचटावे म्हणून कुरुंदाची पूड भुरभुरवली आणि बोटाने हलकेच घासले. पहिल्या पानाला माझा हात जड पडला, पुढची बरी झाली. हात साबणाने इतके धुतो की सोवळ्यातल्या बाईसारखे दिसतात. तंबाखूची डबी दादूला देऊन टाकली. मोडक्या हाताने ती कशी उघडतो ते मी पाहतो, तेवढीच करमणूक.

आणि झोप. सुमे, मी सूर्य वर येईपर्यंत झोपतो. सकाळी जाग येते तेव्हा कोणीही काही मागत नसते. जगबुडी नदीच्या काठाने चालत जाऊन येतो. बाजारात उभ्याउभ्या चहा पितो आणि कोणालाही सांगत नाही की मी कुठे होतो.

राजापूरची रोपे पुढच्या आठवड्यात बदलायची आहेत. मध्येच हात बदलणे बरे नाही असे दादूचे मत. तेव्हा मी आणखी आठवडा राहतो. शाळेला कळवले आहे.

अण्णांना माझा नमस्कार सांग. प्रकृतीस जप.

तुझा,
हरिहर


मालगुंड,
दि. ९ जानेवारी १९८७

ती. दादास, सा. न. वि. वि.

एक आठवडा राहा. मलाही बरे वाटते की तुला झोप लागते.

इथे विशेष नाही. अण्णा आता माझ्या हातचे थोडे खातात. पेज दिली तर घेतात, भात नाही. मला ते सुमेधा म्हणत नाहीत, हरीच म्हणतात, आणि मी ओ देते. काल परसात कपडे वाळत घालताना हाक ऐकली आणि धावत गेले तर ते गाढ झोपले होते. ही हाक माझ्या कानातच बसली आहे का? तुझेही असेच होते का?

काशीकाकू रोज येऊन बसतात. आता तू आलीसच आहेस तर राहा, म्हणतात. हरिहरला कोणी मुलगी देईना ते या दुखण्यापायी, तो सुटला तर त्याचे तरी होईल. मी तांदूळ निवडत होते, तशीच निवडत राहिले.

राजापूर-ओतूरच्या रोपांकडे लक्ष आहे ना? पात अजून उभी असेल. तू यायला निघालास की मी एक दिवस आधी पोचेन असे काहीतरी जमवू या. ती पडताना मला बघायची आहे.

तुझी,
सुमेधा


खेड,
दि. १४ जानेवारी १९८७, संक्रांत

चि. सुमेधा हिस, अनेक आशीर्वाद. तिळगूळ सोबत पाठवत आहे.

पात पडली.

काल सकाळी दुसरे दार लावून आत गेलो तर ती रांग आडवी झालेली. सगळी नव्हे, पण निम्म्याहून जास्त. पात चपटी झाली आहे, पीळ पडला आहे, अगदी नुसत्या ओतूरच्या रांगेत दिसते तशी. शेजारी फक्त राजापूर असलेली रोपे उभीच आहेत. मी दादूला हाक मारली. तो एका हाताने कपाळ बडवत म्हणाला की मास्तरांनी झाडे मारली, आता बाई काय म्हणतील. मी त्याला सांगितले की बाई पेढे वाटतील. दोन परके विषाणू आहेत ते, सुमे. तुझेच खरे. जगात ही गोष्ट सर्वांत आधी मला कळली आणि मी मराठी शाळेचा मास्तर, याचे मला हसू येत होते.

साहेबांनाही नेऊन दाखवले. समितीपुढे ठेवू, म्हणाले.

आता ही रोपे समिती येईपर्यंत जगवायची आहेत. म्हणून मी महिनाअखेरपर्यंतची अर्धपगारी रजा काढली. तुला आधी विचारायला हवे होते, पण टपालाला जाऊन-येऊन चार दिवस लागतात.

आनंदात राहा.

तुझा,
हरिहर


मालगुंड,
दि. १९ जानेवारी १९८७

ती. दादास,

तिळगूळ मिळाला. अण्णांना भरवला.

पात पडली त्या सकाळी मी काय करत होते ते आठवून पाहिले. अण्णांचे धोतर पिळत होते. तीन वर्षे मी त्या जाळीत उकाड्यात उभी राहिले. डोळे अधू झाले, मैत्रिणींची लग्ने हुकली. आईच्या वर्षश्राद्धाला आले नाही आणि तुझी बोलणी खाल्ली. ते सगळे ज्या एका सकाळसाठी होते, ती सकाळ तू पाहिलीस, आणि मला पत्रातून कळते. वर तू मला आशीर्वाद देतोस.

तुझा दोष नाही, हे मला समजते. समजते म्हणून राग जात नाही.

तू लिहितोस त्यात मला माझाच आवाज ऐकू येतो. रोपे सोडता येत नाहीत, वेळ चुकून चालत नाही, दुसऱ्याला जमत नाही. हेच मी तुला लिहिले होते. वाचताना कसे लागते ते मला आता कळले. आणि मी लिहिते ते तुझे झाले आहे. काल अण्णांनी पेज थुंकली तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन भिंतीला डोके टेकून उभी राहिले. कुठपर्यंत आले आहे ते तुला कळेल.

समितीपुढे बोलायला मी तिथे हवी. पंचवीस तारखेपर्यंत ये. महिनाअखेर नाही.

सुमेधा


खेड,
दि. २४ जानेवारी १९८७

चि. सुमेधा हिस, आशीर्वाद.

तुझे पत्र बुधवारी मिळाले. गुरुवारी पहाटे उठून पिशवी भरली. दादूला सगळे समजावून दिले. स्टँडवर रत्नागिरीची गाडी लागलेली होती. मी खिडकीपाशी उभा राहिलो. कंडक्टरने विचारले, येणार का मास्तर. मी हो म्हटले. पुन्हा विचारले, तेव्हाही हो म्हटले. पाय उचलत नव्हता. गाडी गेली. मी पिशवी घेऊन परत आलो आणि रोपांना पाणी घातले.

रजेचे, समितीचे जे लिहिले ते खोटे नव्हते, पण कारण ते नव्हते. तुझ्या झाडांचा लळा लागला असेही समजू नकोस. ती मला नावाने हाक मारत नाहीत, एवढाच त्यांचा गुण. मालगुंडच्या त्या खोलीचा उंबरठा डोळ्यांपुढे आला की माझा हात वर जातो, तसाच, वाटी धरल्यासारखा. मी परत आलो आणि तो खाली आला नाही तर?

तू म्हणशील ते ऐकून घेईन. येईन असे मात्र मला लिहवत नाही.

हरिहर


मालगुंड,
दि. २९ जानेवारी १९८७

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून रागावण्याचे बळ उरले नाही. खरे लिहिलेस, ते बरे केलेस. मी दोन दिवस नुसती बसून होते. तू येणार नाहीस आणि मी अण्णांना टाकून येऊ शकत नाही, यापलीकडे विचारच जाईना.

मग एक गोष्ट ध्यानात आली. अण्णा घर सोडणार नाहीत असे आपण दोघे धरून चाललो. त्यांना कोणी विचारले आहे का? ते पडून असतात त्या खिडकीतून फक्त कुंपणाचा दगडी गडगा दिसतो, त्यावरचे शेवाळसुद्धा उन्हाने गेलेले. काल त्यांच्याजवळ बसून विचारले, अण्णा, माझ्याबरोबर खेडला येता का. हरी तिथे आहे. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाही. मी रत्नागिरीहून डॉक्टरांना आणवले. ते म्हणाले, सावकाश न्या, काही होत नाही.

बाबल्याची जीप ठरवली आहे. मागची बाके काढून गादी घालू. हौसा सोबत येते. चार तारखेला संध्याकाळपर्यंत पोचू. माझ्या खोलीतली खाट रस्त्याकडच्या खिडकीला लाव, टेबल बाहेर काढ. पेज करून ठेव, पातळ.

तू दाराशी उभा राहा. घास मी भरवीन. तुला आत यायचे नसेल तर येऊ नकोस, पण त्यांना दिसशील असा उभा राहा. मग खुशाल मालगुंडला जा, शाळा वाट पाहते आहे.

तुझी,
सुमेधा


मालगुंड,
दि. २२ फेब्रुवारी १९८७

चि. सुमेधा हिस, अनेक आशीर्वाद.

समितीच्या निकालाचे तुझे कार्ड मिळाले. बियाण्याचे वाटप थांबवले आणि तुझे काम तीन वर्षे वाढवले, हे वाचून शाळेत पेढे वाटले. मुलांना कारण सांगता आले नाही. ताईंचा लसूण पास झाला, म्हटले.

घर रिकामे आहे. मनाला येईल तेव्हा जेवतो. गेल्या रविवारी रत्नागिरीला जाऊन सिनेमाला बसलो, मध्यंतरातच उठून आलो. पहाटे अण्णांची कूस बदलायच्या वेळेला जाग येते ती येतेच. तीन-तीन वेळा त्या खोलीत डोकावतो. मला वाटले होते की सुटलो म्हणजे मोकळे वाटेल. वाटते, पण त्या मोकळेपणात कुठे बसावे ते कळत नाही.

तू तिथे एकटी दोन्ही बघतेस. हौसा किती दिवस राहील? म्हणून मी ठरवले आहे की खेड तालुक्यात बदलीसाठी अर्ज करावा. जूनपासून मिळेल. अर्ज लिहून तयार आहे, तुझा होकार आला की पाठवतो.

अण्णांना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे, मला मात्र इथून हलायचे आहे.

तुझा,
हरिहर


खेड,
दि. १ मार्च १९८७

ती. दादास, सुमेधाचा सा. न. वि. वि.

हौसा कालच्या गाडीने आली असेल. तिच्या घरी सुगीची कामे आहेत, किती दिवस अडवायचे. इथे दादूची बायको सकाळी येऊन बसते. मी जेवणाच्या सुट्टीत येऊन पेज भरवते आणि जाते. काम वाढले आहे. समितीने आणखी गावांचा लसूण गोळा करायला सांगितला, म्हणजे जाळीघरात आणखी रांगा. साहेब सगळ्यांना सांगतात की सुमेधाबाई असेपर्यंत चिंता नाही. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे, रजेचे नाव काढायचे नाही. हे माझे मीच मागून घेतले आहे.

अण्णा खिडकीत असतात. एस.टी. गेली की मान तिच्याबरोबर वळते. तू त्या संध्याकाळी दाराशी उभा राहिलास आणि मग आपणहून आत येऊन त्यांचे पाय चेपलेस, ते त्यांच्या लक्षात आहे असे मला वाटते. त्या रात्रीनंतर हाका कमी झाल्या.

तुझे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मग विचारले, हरीची बदली इकडे करून घ्यायची का. ते म्हणाले, नको. मला आधी कळलेच नाही, चार वर्षांनी हा दुसरा शब्द. पाण्याचा पेला पुढे होता, मला वाटले पाणी नको. पेला बाजूला केला आणि पुन्हा विचारले. नको, म्हणाले. अगदी स्वच्छ. मग हरी म्हणाले आणि डावा हात दाराकडे केला, कोणाला वाट मोकळी करून द्यावी तसा. तिसऱ्यांदा विचारले तर माझ्यावर रागावले, पूर्वी नकाशावर बोट चुकले की रागवत तसे.

तेव्हा अर्ज पाठवू नकोस. तू त्यांना टाकलेस असे त्यांनी मानलेले नाही. त्यांनीच तुला सोडले आहे, आणि विचारपूर्वक सोडले आहे. पुढच्या वेळी सिनेमा शेवटपर्यंत बघ. सुट्टीत यावेसे वाटले तर ये, दोन दिवस, पाहुण्यासारखा.

हेच माझ्याबद्दलही विचारावे, मलाही सोडता का म्हणून, असे तोंडाशी आले होते. पण राजापूरचा रस बदलायची वेळ झाली होती. मी पेला भरून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि जाळीघराकडे गेले. माझ्याबद्दल मी त्यांना विचारले नाही.

लोभ असू दे.

तुझी,
सुमेधा